लघवी एकदाच लाल झाली, आता बरी आहे, तरी तपासायचं का?

आलेलं पत्र, थोडं लहान करून:

"नमस्कार डॉक्टर. माझे मिस्टर डोंबिवली एमआयडीसीत डाय इंटरमिजिएटच्या (रंग बनवायच्या कच्च्या केमिकल्सच्या) कंपनीत ऑपरेटर आहेत, कॉन्ट्रॅक्टवर, २००६ पासून. ईएसआय (कामगार विमा) कापतात. वय ४४. दिवाळीनंतर एक दिवस लघवी लाल झाली, दुखलं वगैरे काही नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप बंद. ते म्हणाले मॅजेंटाचं काम चालू होतं त्याचा रंग असेल, सासूबाई म्हणाल्या उष्णता, सब्जा दिला. पण त्यांच्याच प्लांटमधल्या दोन जुन्या काकांना मूत्राशयाचा कॅन्सर निघाला, त्यातले एक तर रिटायर होऊन ७ वर्षं झालीत. मिस्टर म्हणतात ते बिड्या ओढायचे म्हणून झाला. स्वतः सिगरेट ओढतात, दिवसाला ७-८. कपडे मी घरी धुते, उशीच्या अभ्र्याला गुलाबी डाग पडतात. मुलगा ९ वर्षांचा आहे. कंपनी शिफ्ट होणार असंही चाललंय. नोकरी सोडायला सांगू का? थेट टाटाला जायचं का? की मी उगाच घाबरतेय?"

ताई, नोकरीचं नंतर बघू, आधी लघवीचं. चाळिशी ओलांडलेला माणूस, सिगरेट ओढणारा, डायच्या कंपनीत इतकी वर्षं, आणि न दुखता लघवीतून लाल गेलं, एवढं ऐकलं की कुठलाही युरोलॉजिस्ट दुर्बिणीची तपासणी सांगणार. उगाच घाबरताय असं मी म्हणणार नाही. पण घाबरून रात्रभर मोबाईलवर वाचत बसण्यात काही अर्थ नाही, या आठवड्यात नंबर लावा.

"आपोआप बंद झालं" हेच लोकांना फसवतं. मूत्राशयाच्या आत गाठ असली तर ती फुलकोबीच्या तुऱ्यासारखी नाजूक असते, कधी थोडी रक्ताळते, मग महिना महिना गप्प. दुखत नाही म्हणून माणूस विसरतो. किडनी स्टोन वाटेत अडकला असता तर मिस्टर गडाबडा लोळले असते आणि तुम्ही त्याच रात्री रिक्षा काढली असती, इथे दुखलं नाही म्हणून सब्जावर भागलं. सासूबाईंवर चिडू नका, आपल्याकडे लघवीचं काहीही झालं की उष्णता, धने-जिऱ्याचं पाणी, हे घराघरात आहे. सब्जा प्यायला हरकत काहीच नाही, फक्त तपासणीच्या बदल्यात नको.

आता रंगाचं. डायच्या कामात माणसाला रंगाची सवय होते, घाम रंगीत, नाक शिंकरलं तर रंगीत, बनियन रंगीत, मग लघवी रंगीत दिसली तर त्यात नवल काय असं त्यांना वाटतं. काही केमिकल्सनी लघवीचा रंग बदलतो हेही खरं आहे. पण रंग की रक्त हे डोळ्यांनी ठरत नाही, रुटीन युरिनमध्ये मायक्रोस्कोपखाली लाल पेशी दिसतात की नाही त्यावर ठरतं. आणि आज त्या दिसल्या नाहीत तरी दिवाळीनंतर रक्त गेलंच नव्हतं असं सिद्ध होत नाही, म्हणून रुटीन नॉर्मल आली की "बघ, काही नाही" म्हणून फाईल बंद करू देऊ नका. मॅजेंटा म्हणजे नक्की काय तेही विचारा, नुसती त्या शेडची डाय की खरं मॅजेंटा, ज्याला फ्युक्सिन म्हणतात. का विचारायचं ते पुढे सांगते.

तपासण्या तीन. सोनोग्राफी, भरलेल्या मूत्राशयाची. ती चांगली आहे पण बारीक किंवा सपाट पसरलेली गाठ तिला दिसत नाही. दुसरी युरिन सायटॉलॉजी, म्हणजे लघवीत गळून आलेल्या पेशी बघणं, त्यासाठी सकाळची पहिली लघवी देऊ नका, रात्रभर साठून त्यात पेशी खराब होतात, नंतरची द्या. यातही हळू वाढणाऱ्या गाठी सुटतात. म्हणून तिसरी, सिस्टोस्कोपी, लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून आतून बघणं. पुरुष याच नावाला घाबरतात. लवचिक दुर्बीण असेल तर सुन्न करणारी जेली लावून काही मिनिटांत होतं, भूल लागत नाही, नंतर एखाद दोन दिवस लघवीला जळजळ होते, पाणी पीत राहायचं. मिस्टरांना हे आधीच नीट सांगा, नाहीतर तिथल्या बाकड्यावरून उठून येतील (असे उठून आलेले मी बघितलेत).

कदाचित काही निघणार नाही. इन्फेक्शन असेल, बारीक खडा असेल, किंवा केमिकलनेच मूत्राशयाला सूज आली असेल, ऑर्थो-टोल्युइडीनसारखी केमिकल्स एकदम जास्त अंगावर गेली तर लघवीतून रक्त जाऊ शकतं आणि ओठ-नखं निळसर पडू शकतात. त्या दिवशी प्लांटमध्ये गळती, सांडणं, टाकी आतून साफ करणं असं काही झालं होतं का ते आठवून डॉक्टरांना सांगा. आणि गाठ निघाली तरी हे लक्षात ठेवा की या कॅन्सरचे बहुतेक पेशंट सापडतात तेव्हा गाठ आतल्या अस्तरापुरतीच असते, स्नायूत शिरलेली नसते. ती पोटावर चिरा न देता दुर्बिणीतूनच खरवडून काढतात. मग काहींना मूत्राशयात बीसीजी सोडतात, तेच बीसीजी जे लहानपणी टीबीसाठी दंडावर टोचतात. उशीर झाला तर मात्र अख्खं मूत्राशय काढायची वेळ येते. माझी घाई आहे ती यासाठी.

आता त्या दोन काकांबद्दल. मिस्टर म्हणतात बिड्यांमुळे. अर्धं खरं आहे. पण १८९५ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला लुडविग रेन नावाच्या सर्जनने हेच बघितलं होतं, फ्युक्सिन बनवणारे ४५ कामगार आणि त्यातल्या तिघांना मूत्राशयात गाठी. फ्युक्सिन म्हणजेच मॅजेंटा, म्हणून वर विचारायला सांगितलं. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ॲनिलीनच्या, म्हणजे डायच्या कच्च्या मालाच्या, कारखान्यातल्या मूत्राशयाच्या कॅन्सरवर रिपोर्ट काढला. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपरने अमेरिकेत कुत्र्यांना बीटा-नॅफ्थिलअमाईन नावाचं डायच्या कामातलं केमिकल देऊन तोच कॅन्सर दाखवला. आणि ब्रिटनमधल्या एका कारखान्यात बीटा-नॅफ्थिलअमाईन डिस्टिल करणारे १५ जण होते, १५ च्या १५ जणांना झाला. आता त्या १५ जणांत एकही बिडी न ओढणारा नव्हता असं कोणी म्हणणार का? डाय कामगारांचा हा आजार शंभर वर्षांहून जुना आहे, जगभर माहीत आहे, फक्त आपल्या शॉप फ्लोअरवर कोणी सांगत नाही.

याचं कारण असं की बीटा-नॅफ्थिलअमाईनसारखी ही केमिकल्स, यांना अमाईन्स म्हणतात, कातडीतून आणि श्वासातून आत जातात, लिव्हर त्यांच्यावर काम करतं आणि जे तयार होतं ते लघवीतून बाहेर टाकतं, आणि लघवी तासन् तास मूत्राशयात साठून राहते, म्हणून मार तिथल्या अस्तराला. ऐकायला लांबचं वाटेल म्हणून सांगते, अहमदाबादच्या बेंझिडीन (असंच एक अमाईन) बनवणाऱ्या कामगारांच्या लघवीतल्या पेशी तपासल्या तेव्हा त्या पेशींच्या डीएनएला बेंझिडीनचे अंश चिकटलेले सापडले होते, १९९६ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे, आपलीच माणसं.

पण काकांचं जे झालं तेच मिस्टरांचं होणार असं धरू नका. हा कॅन्सर केमिकलशी संबंध आल्यापासून साधारण १५ ते ४० वर्षांनी वर येतो, म्हणून तर एक काका रिटायर होऊन ७ वर्षांनी सापडले. आज त्यांना जे झालं ते १९८०-९० च्या कामाचं बिल आहे. तेव्हा आपल्याकडे बेंझिडीनच्या डाय उघड बनत होत्या. १९९३ मध्ये सरकारने बेंझिडीनवर आधारलेल्या ४२ डाय बंद केल्या, १९९७ मध्ये आणखी ७० ॲझो डाय, म्हणजे अमाईन्सपासून बनणाऱ्या डाय. मिस्टर लागले २००६ ला, म्हणजे कागदावर तरी बंदीनंतर. त्यांच्या हाताखालून काय गेलंय ते वेगळं असू शकतं, कमी धोक्याचं असू शकतं, किंवा नसूही शकतं. इथे अंदाज नको, नाव पाहिजे.

आणि नाव मिळवणं वाटतं तितकं अवघड नाही. कंपनीत माल कोडने ओळखतात, "पिवळा", "ओटी", "टोबियास" असं काहीतरी चालतं, पण ड्रमवर लेबल असतं. त्यावर कॅस नंबर, म्हणजे त्या केमिकलचा ठरलेला ओळख नंबर, शोधायचा, इंग्रजी आकड्यांत मध्ये आडव्या रेघा असतात. बेंझिडीन ९२-८७-५, बीटा-नॅफ्थिलअमाईन ९१-५९-८, ऑर्थो-टोल्युइडीन ९५-५३-४. ही तिन्ही माणसाला कॅन्सर करतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने पहिल्या गटात टाकलेलं आहे. डायक्लोरोबेंझिडीन ९१-९४-१ हे त्या खालच्या संशयित गटात. ऑर्थो-टोल्युइडीनवर बंदी नाही हेही लक्षात ठेवा, ते आजही सर्रास वापरलं जातं. टोबियास ॲसिड स्वतः वेगळं आहे पण त्यात बीटा-नॅफ्थिलअमाईन भेसळ म्हणून राहू शकतं, शुद्धता काय ते विचारण्यासारखं. फोटो काढायला मोबाईल आत नेऊ देत नसतील तर नंबर हातावर लिहून आणावा, किंवा सेफ्टी ऑफिसरकडे एमएसडीएस, म्हणजे केमिकलच्या धोक्यांची माहिती लिहिलेला कागद, मागावी, त्यात "एच ३५०" असं छापलेलं असेल तर त्याचा अर्थ कॅन्सर होऊ शकतो. कुठली केमिकल्स हाताळतो आणि त्यांचा धोका काय हे कळणं कामगाराचा हक्क आहे, कॉन्ट्रॅक्टवाल्याचासुद्धा.

मध्येच एक विचारते, मिस्टर हात कशाने धुतात? डायवाले लोक हातावरचा रंग जावा म्हणून हायड्रो नाहीतर ब्लीच चोळतात, मी कारखान्यांच्या मेडिकलला जायचे तेव्हा कातडी सोललेले हात रोज बघायचे. हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, ॲझो डायला तोडतं म्हणून रंग जातो. पण तोडतं म्हणजे काय, तर डाय ज्या अमाईनपासून बनली ते अमाईन परत मोकळं होतं. कपड्यात बंदी असलेली डाय आहे का हे तपासायला लॅबवाले हीच पावडर वापरतात! म्हणजे रंग गेला, हात गोरा दिसला, आणि नको तेच सोललेल्या कातडीवर बसलं. साबण आणि पाणी, पुन्हा पुन्हा. डाग राहिला तर राहू दे. आणि मुळात हात रंगतोच का, हातमोजे फाटके आहेत का, की एकच जोडी महिनाभर चालते, हे विचारा. कापडी मास्क तर बारीक पावडरला फारसं अडवत नाही.

सिगरेट. इथे मी गोड बोलणार नाही. तंबाखूच्या धुरात बीटा-नॅफ्थिलअमाईन असतं. कारखान्यात बंदी घातलेली वस्तू मिस्टर पैसे देऊन आत ओढतात, दिवसातून ७-८ वेळा, तेही बहुतेक त्याच रंगलेल्या बोटांनी. ओढणाऱ्याला मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्याच्या साधारण तिप्पट असतो, केमिकल बाजूलाच ठेवा. "मग सिगरेटमुळेच झाला" असं म्हणायला कंपनीला आयती सोय होते ती वेगळीच. त्या काकांच्या बाबतीत मिस्टर जे बोलले तेच उद्या कोणीतरी त्यांच्याबद्दल बोलेल, हे त्यांना जरूर सांगा.

कपड्यांचं. तुम्हाला आणि मुलाला धोका आहे का, तर मिस्टरांच्या मानाने खूप कमी, पण शून्य समजू नका. उशीला गुलाबी डाग म्हणजे केस आणि मान न धुता माणूस घरी येतोय. ड्युटी संपली की तिथेच आंघोळ, डोक्यावरून, आणि कपडे बदलूनच घरी. युनिफॉर्म धुवायची सोय कंपनीनेच करायला पाहिजे, होत नसेल तोवर वेगळ्या पिशवीत आणायचा, झटकायचा नाही, घरच्या कपड्यांत मिसळायचा नाही, तुम्ही रबरी हातमोजे घालून वेगळा धुवायचा. मुलाला बाबा आल्या आल्या अंगावर चढायची सवय असेल तर आंघोळ होईपर्यंत थांबवा. मुलाच्या तपासण्या वगैरे काही करत बसू नका, गरज नाही.

नोकरी आज सोडायला सांगू नका. घर त्यावर चालतं, आणि सोडल्याने आधीच्या वर्षांचा धोका पुसला जात नाही, पुढची अनेक वर्षं लघवीवर लक्ष ठेवावंच लागतं. नोकरी असताना ईएसआय हातात आहे तर तपासण्या त्यातून होतील. नाव कळलं आणि ते वरच्या तीनपैकी निघालं, तर त्या सेक्शनमधून दुसरीकडे बदली मागायची, लेखी. तोंडी मागितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. दरवर्षी कंपनीत मेडिकल होतं ना, वजन, बीपी, छातीचा एक्सरे, "पुढचा या", त्याचे रिपोर्ट बघायला मागा, ते कामगाराला दाखवायचे असतात. त्यात लघवीत लाल पेशी आधीच्या वर्षी आल्या होत्या का बघा, असं मी होताना बघितलंय, रिपोर्टात लिहिलेलं असतं आणि ज्याची लघवी त्यालाच पत्ता नसतो.

आणि कागद आत्ताच गोळा करा. २०२४ च्या मे मध्ये डोंबिवलीत स्फोट झाला तेव्हापासून धोकादायक कंपन्या हलवायचं जोरात चाललंय. स्फोट झाला की मंत्री येतात, कॅमेरे येतात. वीस वर्षांनी लघवीतून रक्त गेलं तर कोणी येत नाही, आणि तोपर्यंत कंपनी कुठे, कॉन्ट्रॅक्टर कुठे. पीएफच्या पासबुकात कोणत्या वर्षी कोणाच्या नावाने पैसे भरले ते दिसतं, त्याची प्रिंट काढा. ईएसआयचा नंबर, गेटपास, पगाराच्या स्लिपा, जुनं ओळखपत्र, सगळं एका फाईलीत. कॉन्ट्रॅक्टर तीनदा बदलले असतील तरी प्लांट तोच होता हे त्यातून दिसायला हवं.

हे का, तर कामगार भरपाईच्या आणि ईएसआयच्या कायद्यात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे आणि त्यात मूत्राशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे. तसा धोका असलेल्या कामात सलग ६ महिने काढलेले असतील तर आजार कामामुळेच झाला असं धरून चालतात, उलट सिद्ध करायचं ते समोरच्याने. आता सगळं नव्या लेबर कोडमध्ये गेलंय, कलमं कुठली ते वकील किंवा युनियनवाले सांगतील, पण मुद्दा हा की ईएसआयच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत "डाय इंटरमिजिएट, इतकी वर्षं, ही केमिकल्स" असं सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. बहुतेक डॉक्टर धंदा विचारतात तेव्हा "सर्व्हिस" लिहून मोकळे होतात. लिहिलं की पुढे तो पुरावा. कामामुळे झालेला कॅन्सर डॉक्टरने फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या खात्याला, म्हणजे डिशला, कळवायचाही असतो. कळवतात किती ते सोडा, तुम्ही विचारा तरी.

त्या काकांना एक निरोप द्या. ईएसआयमध्ये ५ वर्षं भरून रिटायर झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि बायकोला औषधपाणी मिळतं, हे खूप जणांना माहीतच नसतं. आणि भरपाईच्या अर्जाला मुदत असते, भरपाई कायद्यात ती २ वर्षांची आहे, म्हणून कॅन्सरचं निदान कोणत्या तारखेला झालं तो कागद घेऊन त्यांनी लगेच कोणाला तरी भेटावं. त्यांच्या बॅचचे अजून कोण कोण आहेत तेही विचारा. दोन सापडलेत, पण बाकीचे तपासलेच नसतील.

टाटाला थेट पळायची गरज नाही. पहिली दुर्बीण ईएसआयच्या रेफरलने होईल, नाहीतर केईएम, सायन, कुठलाही युरोलॉजी विभाग चालेल. गाठ निघून बायॉप्सीत कॅन्सर आला तर मग टाटाचा विचार, तेव्हा नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबकडून स्लाइड आणि गाठीचे तुकडे ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, तिथे पुन्हा बघतात.

मिस्टर ऐकत नाहीत याचं काय, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत पण ओळींच्या मध्ये दिसतंय. कॅन्सर हा शब्दच काढू नका. "लघवीतून रक्त गेलेलं ईएसआयला दाखवून घेऊ, सुट्टीच्या दिवशी जाऊ, मी येते बरोबर" एवढं पुरे. नाहीच ऐकलं तर त्या रिटायर काकांना एकदा घरी चहाला बोलवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा, बाहेर दोघांना बोलू द्या.

रिपोर्ट आले की मला पाठवा. गाठ काढली असेल तर पॅथॉलॉजीचा कागद पूर्ण पाठवा, फक्त शेवटच्या ओळीचा फोटो नको, नमुन्यात स्नायू आलाय का आणि गाठ त्यात शिरलीय का हे मधल्या मजकुरात असतं आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.